न पाहिल्याचे सातशे

पाहून सही केली तर बावीसशे, न पाहता केली तर सातशे. खुशालरावाच्या दुकानातला हा भाव कोणत्या पाटीवर लिहिलेला नव्हता, पण नांदगाव खंडेश्वरात सगळ्यांना पाठ होता. नवीन मीटर पाहिजे असेल तर लाईन हापीसात टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. या घरची फिटिंग मी स्वतः जागेवर जाऊन तपासली, करंट कुठे उतरत नाही, अर्थिंग बरोबर आहे, असं लायसनवाल्या ठेकेदारानं लिहून दिलेला कागद. असं लायसन तिकडे दोघांकडे होतं. त्यातला एक म्हातारा होऊन लेकाकडे पुण्याला गेला. राहिला खुशालराव, आणि तो खुर्चीतून उठायचा तो जेवायलाच.

ताहेर वायरमन त्याच्या टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "पाहून सही पायजे मले."

खुशालरावानं मान वर केली. "कोनाचं घर?"

"माह्यंच. पोरगी मिरची कांडपाची मशीन बसवून राह्यली. धंद्याचं मीटर लागते तिले."

"घर तुमचं, फिटिंग तुमची?" खुशालराव हसला. "ताहेरभाई, सव्वीस वर्षं झाले, तुमच्या हातच्या कामावर मी डोळे मिटून सही करतो. आज कोनता साप चावला? सातशे द्या अन् उद्या कागद घेऊन जा."

"तुमी या. मेगर घेऊन या."

मेगर म्हणजे दांडी फिरवायची पेटी. वायरीतून कुठे करंट गळतो का ते ती सांगते. खुशालरावाची मेगर कपाटावर होती आणि तिच्यावर तीन वर्षांच्या गणपतीच्या पावतीपुस्तकांचा ढीग होता.

"मेगर, गाडीचं पेट्रोल, माहा अर्धा दिवस. बावीसशे पडतीन. तुमाले काहून पायजे पन?" मग दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांकडे वळून तो म्हणाला, "पाहा बाप्पा, सोनारानं सोताचीच अंगठी पारखाले आनली."

गिऱ्हाइकं हसली. ताहेरही हसला. अशा वेळी माणूस दुसरं काय करतो? हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत तो दुकानाच्या पायऱ्या उतरला. तिसरी पायरी त्यानं पायानं चाचपून घेतली, ते कोणी पाहिलं नाही.

कारण साधं होतं, आणि तेच सांगता येत नव्हतं. ताहेरला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नव्हतं.

दोन वर्षांमागे अमरावतीच्या डोळ्यांच्या कॅम्पात डॉक्टरनं त्याच्या डोळ्यात उजेड टाकून पाहिलं होतं. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. डॉक्टर म्हणाला, चाचा, नस सुकत चालली, आहे तेवढी नजर सांभाळा. त्या दिवशी बसस्टँडवर ताहेरनं चाळीस रुपयांचा चष्मा घेतला आणि घरी येऊन हमिदाला सांगितलं, नंबर लागला. ती म्हणाली, वय झालं, लागणारच. गोष्ट तिथेच संपली.

रंग आधी गेले. लाल वायर, हिरवी वायर, दोन्ही वाळल्या मातीच्या. काळी तेवढी काळी दिसायची, तीही उजेड असला तर. आता हा धंदाच असा की लाल म्हणजे करंट आणि हिरवी म्हणजे जमीन. लाल वायर दिव्याला, मोटारीला जाते. हिरवी यंत्राच्या लोखंडी अंगाला बांधून खड्ड्यात सोडतात, म्हणजे चुकून करंट अंगात उतरला तर तो माणसाऐवजी मातीत जावा. दोघींची अदलाबदल झाली तर यंत्राचं अंगच जिवंत होतं. आणि हे ताहेरला झोपेतही माहीत होतं.

मग त्यानं युक्त्या काढल्या. दुकानदाराकडून वायर घेताना सांगायचं, लाल वर ठेव, मधात काळी, हिरवी खाली. घरी आल्यावर तीन खिळे: डावा लाल, मधला काळा, उजवा हिरवा. हिरवीच्या टोकाला एक गाठ मारायची. टेस्टरचा इवलासा दिवा दिसेनासा झाला तेव्हा तो त्या त्या घरच्या लेकीबाळींना लाडानं म्हणायचा, सांग बरं बाई, लागला का? त्यांना वाटायचं, चाचा खेळवून राहिला.

सोडून देता आलं असतं. पण सोडून करायचं काय? त्याचं घर चालायचं विहिरीवरच्या मोटारींवर. कापसानं लोकांचं कंबरडं मोडलं, विहिरी तळाला गेल्या, मोटारी काढून लोकांनी घरात आणून ठेवल्या. दोन-तीन महिन्यांत एखादी लग्नघरची फिटिंग, एखादा कूलर, एवढंच उरलं होतं. तेवढंही 'ताहेरच्या हातचं काम' या तीन शब्दांवर. हे तीन शब्द गेले की ताहेर म्हणजे ओसरीवर बसलेला एक म्हातारा.

गावात तो काळीपिवळी जीपमधून उतरला तेव्हा बारा वाजले होते. उन्हानं डांबर बुटाला चिकटत होतं. ओसरीवर पोत्याखाली झाकलेली मशीन होती आणि तिच्या बाजूला त्याची लेक अफिफा बसली होती. तिचा नवरा अकोल्याचा, जिनिंग मिल बंद पडल्यावर सुरतेला गेला तो गेलाच. दोन वर्षं वाट पाहून ती बापाकडे आली. बचत गटानं ही मशीन तिच्या नावावर दिली तेव्हापासून ती जरा नीट जेवू लागली होती.

"येतात का ते पाहाले?" तिनं विचारलं.

"बावीसशे म्हनते."

आतून हमिदा बाहेर आली. या घरात अर्धं बोलणं उर्दू आणि अर्धं वऱ्हाडी चाले, पण भांडण नेहमी वऱ्हाडीत. "बावीसशे? सारे लोक सातशे देतात, अन् तुमाले वायरमन असून बावीसशे? अफिफाचे अब्बा, उन्हानं डोकं तं नाई फिरलं?"

"घर आपलं हाय. पोरगी त्या लोखंडाले दिवसभर हात लावन."

"मंग? फिटिंग तुमचीच हाय ना? का सोताच्याच हातावर भरोसा नाई तुमाले?"

ताहेरनं पेला उचलला. माठातलं पाणी घेतलं. गावातल्या बाया रोज विचारत होत्या, कधी सुरू करतं वं अफिफा? माणिकबाई माळिणीची दोन पायल्या मिरची वाळून खडखडीत झाली होती. रोहिण्या लागल्या, ढग आले, की मिरची सादळते आणि मग कोणी कांडत नाही. वीस दिवस उरले होते. ते गेले की वर्ष गेलं.

फिटिंग त्यानं चार दिवसांत केली. भिंतीला खडूनं रेघ मारायची, पट्टी ठोकायची, पट्टीत वायर बसवायची. खिळा बोटात धरून हातोडी मारताना अंगठा दोनदा फुटला. सव्वीस वर्षांत जो अंगठा फुटला नव्हता तो. त्यानं तोंडात धरून रक्त गिळलं आणि पुढचा खिळा घेतला. अफिफा आणि हमिदा दिवसा माणिकबाईकडे मिरचीचे देठ खुडायला जात, त्यामुळे घरात पाहणारं कोणी नव्हतं. काम मात्र चुकत नव्हतं. पट्टी ओळंब्यात होती, वळण काटकोनात होतं. हातांना डोळ्यांची गरज तिथे नव्हती.

चौथ्या दिवशी हमिदा घरी राहिली. नवी मशीन सुरू होणार, भिंत काळी कशाला, म्हणून तिनं पांढऱ्या मातीचा पोतारा घेतला. ताहेर दुपारच्या, जोहरच्या नमाजाला गेला होता. पोतारा देताना तिनं खिळ्यांवरच्या वायरीच्या गुंडाळ्या काढून खाटेवर ठेवल्या आणि भिंत वाळल्यावर परत टांगल्या. तिला लाल लाल दिसत होती, हिरवी हिरवी. कोणत्या खिळ्यावर कोणती होती हे ती कशाला ध्यानात ठेवील? डाव्यावर हिरवी गेली आणि उजव्यावर लाल.

ताहेर आला, भिंतीला हात लावून म्हणाला, गार लागते. हमिदाला बरं वाटलं. वायरींची दुसरी टोकं मेन स्विचला आणि खड्ड्याला आधीच जोडून झाली होती, मशीनच्या बोर्डाची जोडणी तेवढी राहिली होती. त्यानं उजव्या खिळ्यावरची वायर घेतली, टोकाला एक गाठ मारली, आणि हिरवी म्हणून मशीनच्या अंगाच्या जागी कसली. डावी लाल म्हणून मोटारीला दिली आणि बोर्डाचं झाकण लावून चार स्क्रू घट्ट केले.

त्याच्या मनात खुशालराव होता. मेगर आली की कळेल. वरचे पंधराशे कुठून तरी उभे करावे, हेच तो चार दिवस घोकत होता.

सोमवारी हमिदा न सांगता काळीपिवळीत बसून नांदगावला गेली. पदराला गाठ मारलेले देठखुडाईचे सातशे होते. दुपारी आली ती हसत आली. कित्येक महिन्यांनी हसली असेल.

"हा घ्या तुमचा कागद. दहा मिन्टात देल्ला. शिक्का पाहा कसा ठसठशीत हाय."

ताहेर खाटेवरून उठला. "पाहाले नाई आला तो?"

"काय पाहाचं? म्हने, भाभी, ताहेरभाईचं काम म्हंजे पत्थर की लकीर. दुकानात चार लोकाईसमोर म्हनला. मी म्हनलं, तेच तं मी अफिफाच्या अब्बाले सांगून राह्यले." ती त्याच्याजवळ बसली. "पंधराशे वाचले. अफिफाले एक बरा सलवार-कुडता घेऊ. चार बायाईत बसन ती आता."

त्याच वेळी सांगायचं होतं. शब्द ओठापर्यंत आले होते, खोटं नाही. पण सातशे रुपयांचे देठ खुडून तिच्या बोटांची कातडी निघाली होती, आणि त्याच बोटांनी ती त्या शिक्क्यावरून हात फिरवत होती. तो म्हणाला, "बरं केलं." आणि बाहेर जाऊन लिंबाखाली उभा राहिला. त्याला स्वतःची लाज वाटली.

गुरुवारी श्रावण लाईनमन मीटर घेऊन आला. ताहेरनं त्याला खांबावर चढायला शिकवलं होतं. मीटर ठोकून झाल्यावर ताहेर हळूच म्हणाला, "श्रावण, बोर्ड एकडाव खोलून पाह्यतं का?"

"काका, तुमचं काम मी पाहू?" श्रावणनं कान धरले. "अन् कागद हाय ना. मंग?"

अकरा वाजता लाईन यायची होती. पाचसहा बाया टोपल्या घेऊन ओसरीखाली बसल्या होत्या. मिरचीच्या खकाण्यानं आधीच शिंका सुरू झाल्या होत्या. हमिदानं मशीनसमोर लोबान फिरवलं. माणिकबाईनं आपल्या मळ्यातला झेंडूचा हार मशीनला घातला आणि म्हणाली, "आमचं आमी करतो, तुमचं तुमी करा, मशीन चालली पायजे." सगळ्या हसल्या.

लाईन आली. पंखा फिरला, दिवा लागला. अफिफानं बिस्मिल्ला म्हणून बोर्डावरचं मशीनचं बटन दाबलं.

मशीन चालली नाही.

"पट्टा अडकला काय?" अफिफा म्हणाली आणि वाकून मशीनकडे हात नेऊ लागली.

"थांब!" ताहेर ओरडला. त्याचा असा आवाज त्या घरात कोणी ऐकला नव्हता. त्यानं तिला खांद्याला धरून मागे ओढलं. मशीन का चालत नाही, हे त्याला त्या एका क्षणात कळलं होतं: लाल मोटारीला गेलीच नव्हती, अंगाला गेली होती. आणि कळूनही मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होतं, नसेल तसं. टेस्टर लावला तर दिवा दिसणार नाही, दुसऱ्याला विचारावं तर सगळंच सांगावं लागेल. जुने वायरमन करतात तसं त्यानं केलं. हात उलटा केला. पंजाची पाठ लावली की झटक्यानं हात आपोआप मागे येतो, लोखंडाला चिकटत नाही.

त्यानं हाताची पाठ मशीनला लावली आणि तो भिंतीवर आपटला. नवा पोतारा त्याच्या पाठीला लागला. टोपली लवंडली. श्रावणनं धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला.

तो मेला नाही. बोटांच्या पेरांवर काळे डाग पडले होते आणि जबडा वाजत होता. हमिदा त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडत होती, बाया खुशालरावाला शिव्या देत होत्या. श्रावणनं स्क्रू काढून बोर्ड उघडला. अफिफानं त्याच्या खांद्यावरून पाहिलं.

"अब्बा," ती म्हणाली, "मशीनच्या अंगाले लाल लावली तुमी."

"मले हिरवी वाटली."

"लाल हाय, अब्बा. चांगली लालभडक हाय."

"असन. मले दिसत नाई."

हमिदानं भिंतीवरच्या तीन खिळ्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिला सगळं उलगडत गेलं. चष्मा, फुटलेला अंगठा, बावीसशे. "गुंडाळ्या मीच काढल्या होत्या," ती म्हणाली. "या अल्ला, मीच काढल्या होत्या. मले काहून नाई सांगतलं तुमी? मी काय परकी होते?"

तो तिचा हात धरून राहिला.

तासाभरानं तो उठून बसला. "अफिफा, पक्कड घे. लाल कोनती ते तू सांग, कुठं जाते ते मी सांगतो." बापानं सांगितलं, लेकीनं स्क्रू कसले. श्रावणनं टेस्टर लावून दोनदा पाहिलं. मशीन चालली. पहिली मिरची माणिकबाईची कांडली. ताहेर खाटेवर बसून आवाज ऐकत होता आणि बोटं मोजत होता. नजर गेल्यापासूनची घरं. एकूण अकरा. अकराही घरांत खुशालरावाचा कागद होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं टोपी घातली. "अफिफा, चाल माह्यासंगं. टेस्टर घे."

हमिदा दारात आडवी आली. "एकदा सांगतलं की पुन्हा कोनी बोलावनार नाई तुमाले. हे समजून जाऊन राह्यले ना?"

"समजून जाऊन राह्यलो."

ती बाजूला झाली.

पहिलं घर माणिकबाईचं. तिनं काल ओसरीवर सगळं ऐकलं होतं, पण ते ताहेरच्या घरचं. आपल्या घरी त्याचा काय संबंध, हे तिच्या मनात आलं नसावं. लेकीच्या लग्नाच्या वेळी, दीड वर्षामागच्या मार्गशीर्षात, या घराची सगळी फिटिंग ताहेरनं केली होती. तीच लेक, मंजुषा, आता बाळंतपणाला आली होती आणि कूलरसमोर ओल्या फरशीवर चटई टाकून झोपली होती. तिचा एक पाय कूलरच्या पत्र्याजवळ होता.

"या ताहेरभाऊ, गार हवेत बसा. कसा हाय हात?"

"माणिकबाई, आधी मेन बंद करा."

"आत्ताच तं लाईन आली. पोरगी झोपली हाय."

"बंद करा. ही फिटिंग बी मी तशीच केली. मले लाल-हिरवं दिसत नाई. तवाही दिसत नव्हतं."

माणिकबाईनं त्याच्याकडे पाहिलं, मग लेकीच्या पायाकडे. पळत जाऊन तिनं मेन ओढला. कूलर घरघरत थांबला. मग तिनं पेटी उघडली आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद आणला. "पन याच्यात लिवेल हाय ना, सोता पाह्यलं म्हनून? सातशे देल्ले आमी याचे. झेंडूचे होते ते पैसे."

"कोनी पाह्यलं नाई, बाई. मी केलं, अन् मले दिसत नाई."

अफिफानं एकेक बोर्ड उघडला. ताहेर दाराशी उभा राहून विचारत होता, डावीकडं कोनती? उजवीकडं? ती सांगत होती. स्वयंपाकघर बरोबर. माजघर बरोबर. कूलरचा बोर्ड ती वेळ लावून पाहत राहिली. "बरोबर हाय, अब्बा," ती म्हणाली. "गाठ बी हाय तुमची."

मेन चढला, कूलर पुन्हा सुरू झाला. मंजुषा कूस बदलून झोपली. माणिकबाईच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं तांब्या आणून त्याच्या हातात दिला, हातात नीट बसला का ते पाहिलं.

"भाऊ, काम तुमचं सोळा आणे हाय. पन एक सांगते, वाईट नका मानू. विहिरीवरची मोटार बसवाची हाय पावसाआधी. ते मी नांदगावच्या पोराले सांगते आता."

"बरोबर हाय तुमचं," ताहेर म्हणाला. "त्याले म्हना, पाहून सही घे."

बाहेर ऊन चढलं होतं. अफिफानं त्याचा दंड धरला. त्यानं तो सोडवला नाही. गल्लीच्या टोकाला मोतीरामचं घर. मोतीराम दारात दात कोरत उभा होता आणि त्याला पाहून, राम राम ताहेरभाऊ, इकडं कोनीकडं, असं म्हणणारच होता. ताहेरनं त्याला बोलू दिलं नाही. उंबऱ्याच्या अलीकडूनच तो म्हणाला, "मोतीराम, मेन बंद कर. मले दिसत नाई."